भांडवलाची टंचाई आणि व्यवसायातील कल्पकता : काही उदाहरणे व अध्यापनासाठी विचार

प्रस्तावना

उर्दूत ‘चादर देखकर पाँव फैलाना’ असे म्हणतात, तर मराठीत ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’. दोन्ही भाषांतील ही म्हण आपण काटकसरीचा धडा म्हणून शिकवतो. परंतु अंथरूणच इतके अपुरे असेल की पाय मुडपूनच निजावे लागावे, तर त्या माणसाने काय करावे, हे ती म्हण सांगत नाही. बालाघाटसारख्या जिल्ह्यात शिवणकाम, विणकाम, बांबूकाम किंवा दुरुस्तीचे काम शिकणारा विद्यार्थी नेमका हाच प्रश्न विचारतो : “सर, डोक्यात कल्पना आहे, पण पैसा कुठून आणायचा?”

या प्रश्नाला आपली दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, ‘गरज ही शोधाची जननी आहे, पैशावाचून काही अडत नाही’. दुसरे, ‘भांडवलाशिवाय धंदा नाही, आधी नोकरी बघ’. पहिले उत्तर मुलाला उमेद देते, पण त्याची अडचण नाकारते. दुसरे अडचण मान्य करते, पण उमेद मोडते. पैशाची टंचाई कल्पकतेला केव्हा पोषक ठरते व केव्हा मारक, हे काही उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

टंचाईतून निघालेले मार्ग

पहिले उदाहरण मुंबईचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हीच पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर पोहोचलेली संस्था होय. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. वाळवणी यंत्र घेण्याइतका पैसा नव्हता. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. प्रश्न सुटला.

येथे टंचाईने कोणते कार्य केले ते नीट पाहिले पाहिजे. पैसा हाताशी असता तर ‘कोणते यंत्र घ्यावे?’ असा विचार झाला असता. पैसा नसल्यामुळे विचार मुळाशी गेला : ‘आपल्याला नेमके काय हवे आहे?’ हवी होती ती खालून मिळणारी कोरडी ऊब. टंचाई माणसाला वस्तूकडून गरजेकडे नेते, आणि कल्पकतेचा आरंभ येथेच होतो.

दुसरे उदाहरण मालेगावचे. यंत्रमागाच्या या गावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काही हजार रुपयांत तयार केला. ते मूळचे व्हिडिओ पार्लर चालवणारे. संकलनाची कला त्यांनी स्वतःच हाताळून शिकून घेतली होती. गावातलीच माणसे नट झाली. डाकूंना घोडे मिळाले नाहीत, म्हणून सायकली आल्या. कॅमेरा फिरवण्यासाठी सायकल आणि उंचावर नेण्यासाठी बैलगाडी वापरली गेली. पुढे ‘सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट गाजला, आणि याच मंडळींवरचा हिंदी चित्रपट २०२५ साली प्रदर्शित झाला.

मुंबईच्या चित्रपटाशी खर्चात बरोबरी करणे नासिर यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तो नाद सोडला आणि मुंबईपाशी नसलेली गोष्ट पुढे केली : मालेगावची बोली, तेथील गल्ल्या आणि तेथील विनोद. घोड्याच्या जागी सायकल ही उणीव होती. तिच्यावर प्रेक्षक हसला तेव्हा तीच मालाची खासियत ठरली. आपल्या उणिवेचे वैशिष्ट्यात रूपांतर करणे हे टंचाईतील कल्पकतेचे दुसरे अंग होय.

अभ्यासक काय सांगतात?

व्यवस्थापनशास्त्रात या विषयाचा बराच विचार झाला आहे. मूळच्या भारतीय असलेल्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ साली असे मांडले की, अनुभवी उद्योजक आधी ध्येय ठरवून मग साधने जमवीत बसत नाहीत. ‘मी कोण आहे, मला काय येते, माझ्या ओळखीचे कोण आहेत’ येथून ते आरंभ करतात. नफा किती होईल यापेक्षा किती नुकसान आपल्याला परवडेल, हा हिशेब ते आधी करतात.

टेड बेकर व रीड नेल्सन यांनी २००५ साली साधनांची चणचण असलेल्या २९ लहान उद्योगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण ज्याला ‘जुगाड’ म्हणतो, तोच त्यांचा विषय होता. त्यांचा निष्कर्ष शिक्षकांनी आवर्जून ध्यानात घ्यावा असा आहे. जे उद्योग प्रत्येक बाबतीत आणि कायम जुगाडच करीत राहिले, ते जागच्या जागी अडकले. ज्यांनी निवडक बाबतीत जुगाड केला व इतर बाबतीत शिस्त आणि ठरलेला दर्जा पाळला, ते वाढले. लिज्जतची कथा याला दुजोरा देते. वाळवणीत जुगाड चालला. पापडाच्या दर्जात मात्र तो चालू दिला गेला नाही.

नाण्याची दुसरी बाजू

येथवरचे वाचून टंचाई ही वरदानच आहे, असा समज होऊ नये. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची कापणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेण्यात आली. कापणीपूर्वी त्यांची कामगिरी कमी भरली. माणूस तोच, बुद्धी तीच. पण उद्याची विवंचना विचारशक्तीचा मोठा वाटा खाऊन टाकत होती. घरभाडे, औषध आणि सावकाराचा हप्ता या तिन्हींचा घोर एकाच वेळी लागला असेल, तर नवी कल्पना सुचायला डोक्यात जागा कोठून उरणार?

शिवाय लहान धंद्यात थोडे भांडवल मोठा फरक करते. श्रीलंकेत लहान व्यावसायिकांना छोटी अनुदाने देऊन केलेल्या अभ्यासात (प्रसिद्धी २००८) या भांडवलावरील परतावा दरमहा सुमारे ५ टक्के आढळला. तो बाजारातील व्याजदरापेक्षा पुष्कळ अधिक होता. याचा अर्थ, ही माणसे अकुशल नव्हती. केवळ पैशाअभावी त्यांची क्षमता वाया जात होती. लिज्जतही खाट-स्टोव्हवरच थांबली नाही. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता देऊन ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल दिले. कथेचा हा भाग आपण बहुधा सांगत नाही.

खरा भेद कोठे आहे?

तेव्हा ‘पैसा कमी की जास्त’ एवढाच प्रश्न नाही. प्रयोग फसला तर त्याची किंमत कोण व किती मोजणार, हा खरा प्रश्न आहे. खाट-स्टोव्हचा प्रयोग फसला असता, तर दोन वस्तू घरी परत वापरता आल्या असत्या. सायकलीवरचे दृश्य बिघडले, तर ते पुन्हा चित्रित करता येत होते. अपयश स्वस्त असेल तर टंचाईतही बुद्धी चालते. एका अपयशाने घर गहाण पडणार असेल, तर माणूस ठरल्या वाटेनेच जातो.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की, मुस्लिम समाजात स्वयंरोजगाराचे प्रमाण अधिक आहे, पण बँकांच्या कर्जातील त्यांचा वाटा अल्प आहे. म्हणजे भांडवलाची गरज ज्याला अधिक, त्यालाच ते कमी मिळते. आपल्या परंपरेत यावर दोन मार्ग आहेत. कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज. आणि मुजारबत म्हणजे एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत. मुजारबतीत नफा ठरल्या प्रमाणात वाटला जातो. मेहनत करणाऱ्याचा हलगर्जीपणा नसेल तर पैशाचे नुकसान भांडवलदार सोसतो, आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते. अपयशाचा भार एकाच्याच माथी पडू नये, ही त्यामागील दृष्टी आहे. कल्पकतेला नेमका हाच आधार हवा असतो.

अध्यापनासाठी काही सूचना

१. ‘धंद्याला किती पैसा लागेल?’ याऐवजी ‘तुमच्यापाशी आज काय आहे?’ येथून तासाचा आरंभ करावा. हत्यारे, हुन्नर, घरातली जागा, ओळखी व भाषा यांची यादी विद्यार्थ्याने स्वतः लिहावी. गोंदिया सीमेलगतच्या आपल्या जिल्ह्यात हिंदी, मराठी व उर्दू जाणणारा मुलगा दोन राज्यांच्या बाजारात बोलू शकतो. ही त्याची पुंजीच आहे.

२. स्थानिक नावलौकिकाची दखल घ्यावी. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये व वारासिवनीच्या हातमाग साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ विणकराच्या घरापर्यंत कसा पोहोचेल, हा वर्गात चर्चेचा विषय व्हावा.

३. प्रत्येक योजनेत ‘परवडणारे नुकसान’ हा रकाना असावा. किती रुपये व किती दिवस बुडाले तरी घर चालेल, हे आकड्यांत लिहून घ्यावे.

४. जुगाड कोठे चालेल व कोठे चालणार नाही, याची वेगळी यादी करावी. वजन, स्वच्छता, वीजजोडणी व ग्राहकाला दिलेला शब्द यांत जुगाड नको.

५. शक्य असेल तेथे संस्थेने छोटा बिनव्याजी निधी उभारावा आणि पहिल्या अपयशानंतरही विद्यार्थ्याला पुन्हा अर्ज करता यावा, असा नियम ठेवावा.

समारोप

टंचाई ही शिक्षिका होऊ शकते, पण ती फार कठोर शिक्षिका आहे. तिच्या वर्गातून पुष्कळ विद्यार्थी गळतात, आणि आपण केवळ उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे सांगतो. शिक्षक म्हणून आपले काम दुहेरी आहे. हाती आहे त्यातून वाट काढण्याची नजर विद्यार्थ्याला देणे हे एक, आणि त्याच्या अंथरुणाची लांबी थोडी वाढावी यासाठी झटणे हे दुसरे. यांपैकी एकच काम करून भागणार नाही.