खडबडीत दगड, हिरवा ओढा

सह्याद्रीतल्या ओढ्यांत काळ्या बेसॉल्टचे दगड असतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकल्याने काहींना छिद्रे पडलेली असतात, तर काही पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात. शेवाळ सहसा खडबडीत दगडावर लवकर धरते. खाचांत प्रवाहाचा जोर कमी असतो. वाहत आलेले डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ) तिथे अडकतात आणि चिकट स्रावाने घट्ट बसतात. गोगलगायींनाही तिथले शेवाळ खरवडणे अवघड जाते. पावसाळी लोंढ्यात गुळगुळीत दगड धुऊन निघतो, पण खाचांत उरलेल्या पेशींपासून शेवाळाचा थर पुन्हा वाढतो. त्यासाठी प्रकाश आणि पोषकद्रव्येही लागतातच. या थरावर जलकीटक जगतात, कीटकांवर मासे. म्हणून ओढ्यातले दगड काढून तळ सपाट करू नये. त्याचा खडबडीतपणा जपायलाच हवा.