बहुवारिकीकरण, नियंत्रित मूलक

मुक्त मूलकांच्या द्वारे एकवारिकांचे रेणू जोडताना तयार होणाऱ्या साखळ्यांची लांबी, रचना व टोके पूर्वनियोजित राखण्याच्या पद्धतींना नियंत्रित मूलक बहुवारिकीकरण म्हणतात.

सामान्य मूलक बहुवारिकीकरणास उद्योगात मोठे स्थान आहे. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ १९९५ पासून होत असलेले पॉलिस्टायरिनाचे उत्पादन याच प्रकारचे आहे. या विक्रियेत एकेक साखळी सु. एका सेकंदात वाढते आणि दुसऱ्या मूलकाशी गाठ पडताच मृत होते. नव्या साखळ्या मात्र अखेरपर्यंत सुरू होत राहतात. त्यामुळे त्यांची लांबी असमान होते. भारसरासरी व संख्यासरासरी रेणुभारांचे गुणोत्तर सामान्यतः १·५ हून अधिक येते आणि मृत टोकास दुसऱ्या एकवारिकाचा खंड जोडता येत नाही.

मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये ऋणायनी पद्धतीने ‘जिवंत’ साखळ्या मिळविल्या. परंतु त्या लेशमात्र ओलाव्यानेही नष्ट होतात. मूलकांना पाणी बाधत नाही, पण ती परस्परांना नष्ट करतात. यावरील उपाय म्हणजे बहुतेक साखळ्या सुप्त ठेवणे. सुप्त व क्रियाशील अवस्थांत जलद अदलाबदल होत राहिल्याने कोणत्याही क्षणी मूलके थोडीच असतात, त्यांची गाठ क्वचित पडते आणि सर्व साखळ्या तासन्‌तास बरोबरीने वाढतात. वरील गुणोत्तर मग १·१ ते १·३ इतके खाली येते.

पद्धती : प्रमुख पद्धती तीन आहेत. (१) नायट्रॉक्साइड मूलक साखळीच्या टोकास तात्पुरते जोडले जाते व उष्णतेने सुटते. १९९३ मध्ये स्टायरिनाचे असे बहुवारिकीकरण सु. १२०° से. ला साधण्यात आले. (२) टोकावरील हॅलोजन अणू तांब्यासारख्या धातूचे जटिल संयुग काढून घेते व परत देते. क्रिस्टॉफ मात्यशेफ्स्की (अमेरिका) व मित्सुओ सावामोतो (जपान) यांनी १९९५ मध्ये ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली. (३) थायोकार्बोनिलथायो संयुगाचा गट एका साखळीवरून दुसरीवर जातो. ही पद्धत ऑस्ट्रेलियात विकसित होऊन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतात पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) स्वामिनाथन शिवराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित बहुवारिकीकरणावर संशोधन केले.

उपयोग व मर्यादा : खंड-सहबहुवारिके, रंगद्रव्यांची अपस्करणकारके, औषधवाहक कण इत्यादींसाठी या पद्धती उपयुक्त आहेत. मात्र दुसऱ्या पद्धतीत तांब्याचा अंश व तिसरीत गंधकयुक्त गटामुळे रंग आणि वास मागे राहतो. ॲस्कॉर्बिक अम्लासारखी क्षपणकारके वापरून तांब्याचे प्रमाण दशलक्ष भागांत काही दशक भागांपर्यंत उतरविता येते. तरीही विक्रिया मंद व खर्चिक असल्याने स्वस्त प्लॅस्टिकांसाठी जुनीच पद्धत टिकून आहे. साखळ्यांचा अंत पूर्णपणे टळत नसल्याने २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने ‘जिवंत’ या विशेषणाऐवजी ‘व्युत्क्रमी निष्क्रियणाचे मूलक बहुवारिकीकरण’ या अर्थाची संज्ञा सुचविली.