काळ्या मातीतून दिसणारा रणजी करंडक

कापसाची पहिली वेचणी सुरू होते त्याच सुमारास रणजी करंडकाचे सामनेही सुरू होतात, आणि आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावर, अगदी तळाच्या अरुंद रकान्यात, महाराष्ट्राचा धावफलक छापून येऊ लागतो. गेली चाळीस वर्षे सकाळच्या पहिल्या चहाबरोबर मी प्रथम तोच रकाना वाचत आलो आहे. आणि ज्वारी हुरड्याला येईतो आपला संघ बाद फेरीच्या हिशेबातून निघून गेलेला असतो, हा अनुभव मला इतक्या वेळा आला आहे की घरातील मंडळी आता निकाल विचारीत नाहीत, माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात. महाराष्ट्राने हा करंडक अखेरचा जिंकला तो १९४०-४१ च्या हंगामात. त्यानंतर देश स्वतंत्र झाला, मराठी भाषकांचे राज्य झाले, माझा जन्म झाला, मला नातवंडे झाली. करंडक मात्र पुन्हा आला नाही.

ज्या संघासाठी मी इतका जीव टाकतो, त्याच्या वैभवाच्या काळात आमची परभणी त्याच्या मुलखात मोडतच नव्हती, ही गोष्ट या जिल्ह्यातील आजच्या तरुणांना ठाऊक असेल असे वाटत नाही. परभणी तेव्हा निजामाच्या अंमलाखालील एक जिल्हा होती, आणि क्रिकेटपुरते बोलायचे तर आमचा संघ हैदराबादचा होता, ज्याने १९३७-३८ च्या अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून करंडक नेला होता. माझे वडील त्या काळी तहसील कचेरीत नकलनवीस होते. उर्दू दप्तराच्या नकला करता करता पुण्याच्या संघाची बातमी कानी आली की ती ते घरी येऊन मराठीत सांगत, आणि त्या वयात मनाने सरहद्द ओलांडल्याचा जो आनंद त्यांना झाला असेल, तो त्यांच्या उतारवयातील कथनातही मला ऐकू येत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली, आणि पुढे तीनच महिन्यांनी, डिसेंबरात, पुण्याच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. वडिलांच्या स्मृतीत या दोन घटना कायमच्या एकमेकींना चिकटून राहिल्या होत्या.

त्या खेळीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर आलेला, महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झालेल्या, आणि अशा क्षणी, उपाहाराच्या सुट्टीत, काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना भारताकडून अधिकृत कसोटी सामना खेळावयास कधीच मिळाला नाही. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, महाराष्ट्राची मुंबईशी उपांत्य झुंज पुण्यातच झाली. सात दिवस चाललेल्या त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या, महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा केल्या, आणि तरीही तो ३५४ धावांनी हरला. सहाशे धावा करून हरण्याची पाळी ज्या संघावर आली, त्याच्या चाहत्याला खचून जाण्याचा अधिकार आहे असे कोणी म्हणेल. माझ्या वडिलांनी मात्र हा आकडा मला सांगितला तो अभिमानानेच.

आणि या सर्वांच्या आधीचे प्रोफेसर दि. ब. देवधर! पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनी १९३९-४० व १९४०-४१ असा दोनदा करंडक आणला तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसच्या घरात होते, आणि त्याच वयात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली. विजय हजारे नावाचा सांगलीचा तरुण त्यांच्याच संघातून खेळला आणि बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा करून रणजीतील पहिले त्रिशतक त्याने आपल्या नावे केले. परंतु थोड्याच काळात तोच हजारे बडोद्याकडून खेळू लागला, कारण संस्थानाचा आश्रय तिकडे होता. गुणी माणूस हाताशी असावा आणि तो दुसऱ्याच्या पदरी जावा, हे महाराष्ट्राचे दुखणे इतके जुने आहे.

पुढे तीनदा आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. १९७०-७१ साली मुंबईचे गावसकर, वाडेकर प्रभृती वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतानाही उरलेल्या मुंबईने आम्हांला ४८ धावांनी हरविले. १९९२-९३ साली लुधियानात पंजाबने हरविले. तिसरी वेळ मी स्वतः पाहिली.

ते साल २०१४. जानेवारीत वानखेडेवर मुंबईच्या दुसऱ्या डावाचा १२९ धावांत निकाल लावून महाराष्ट्राने विजयासाठी लागणाऱ्या २५२ धावा केवळ दोन गडी गमावून काढल्या. केदार जाधव नाबाद १२०, आणि त्याच्या जोडीला आमच्या शेजारच्या जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. मग उपांत्य सामन्यात बंगालला नमवून अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकाशी! मध्यरात्रीनंतर परभणीला येणाऱ्या अजिंठा एक्सप्रेसने मी निघालो, घोंगडी अंगावर घेऊन दाराजवळच्या बाकावर बसून राहिलो, आणि शनिवारी सकाळी उप्पलच्या मैदानात जाऊन बसलो. पहिल्या डावात पैठणच्या अंकित बावणेने ८९ धावा केल्या होत्या, परंतु महाराष्ट्राच्या ३०५ धावांना कर्नाटकाने ५१५ धावांचे उत्तर दिले होते. रविवारी, २ फेब्रुवारीला, त्यांना १५७ धावा हव्या होत्या. त्या त्यांनी तीन गडी गमावून केल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक कानडी कुटुंब बसले होते. त्यातील आजीबाईंनी शेवटच्या धावेनंतर मागे वळून, माझा चेहरा पाहून, डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला. तो लाडू मी परतीच्या गाडीत पूर्णा जंक्शन येईतो हातातच धरून बसलो होतो.

त्या वर्षी झोल आणि बावणे हे मराठवाड्याचे दोन तरुण संघाच्या मध्यभागी उभे होते, आणि संघाची पुनर्बांधणी आता खरोखरच जिल्ह्याजिल्ह्यांतून होईल असे मला वाटले होते. वाटले ते घडले नाही, म्हणूनच हा लेख.

पुनर्बांधणी हा शब्द हल्ली प्रत्येक हंगामाच्या आरंभी ऐकू येतो, तेव्हा त्याचा खरा अर्थ काय हे पाहण्यासाठी जरा दूर जाऊ. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये तळाला गेलेल्या संघाला नव्या होतकरू खेळाडूंची निवड आधी करता यावी अशी तजवीज आहे, आणि म्हणून तेथील संघ कधी कधी जाणूनबुजून काही वर्षांची अवनती पत्करतात. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने २०११, २०१२ आणि २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले, आणि २०१७ साली अजिंक्यपद मिळविले. त्या यशाला पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरल्याच्या प्रकरणाचा डाग लागला, हे खरे, परंतु तरुणांना वर्षानुवर्षे सांभाळल्यावाचून तो संघ उभाच राहिला नसता, हेही खरे. रणजीत तळाच्या संघाला असे काहीच मिळत नाही. आपली माणसे आपल्याच मातीतून वर काढावी लागतात, किंवा मग दुसऱ्या राज्यातून आणावी लागतात.

महाराष्ट्राने अलीकडे दुसरा मार्ग धरलेला दिसतो. २०२५ च्या हंगामासाठी मुंबईहून पृथ्वी शॉ आला, केरळकडून खेळून नाव कमावलेला जलज सक्सेना आला. आणि पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध धावफलकावर एकही धाव नसताना आमचे तीन गडी बाद झाले, मग ५ बाद १८. ऋतुराज गायकवाडने ९१ आणि सक्सेनाने ४९ धावा केल्या म्हणून अब्रू राहिली. पुढच्या सामन्यात शॉने चंदीगडविरुद्ध २२२ धावा फटकावल्या. या दोघांविषयी माझ्या मनात आकस नाही. माझे दुःख एवढेच आहे की दरवर्षी छपराला नवी कौले घालण्यातच आपला सगळा उत्साह खर्ची पडतो आणि जोत्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

पैनगंगेच्या पलीकडे पाहा. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजीत आहे. साठ वर्षे त्याला कोणी मोजले नाही. चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फझलच्या नेतृत्वाखाली त्याने २०१७-१८ साली इंदूरला दिल्लीला हरवून करंडक घेतला, पुढच्या वर्षी पुन्हा घेतला, आणि २०२४-२५ साली तिसऱ्यांदा. बाहेरची माणसे त्यांनीही आणली, वसीम जाफर आणला, करुण नायर आणला. परंतु त्या तिसऱ्या विजयाच्या हंगामात सर्वाधिक धावा त्यांच्याच यश राठोडच्या होत्या, ९६०, आणि सर्वाधिक बळी त्यांच्याच हर्ष दुबेचे, ६९, जो रणजीतील एका हंगामाचा विक्रम ठरला. थोरले पाहुणे आले ते घरच्या पोरांच्या शेजारी उभे राहण्यासाठी आले.

मराठवाड्यात गुणवत्ता नाही असे म्हणणाऱ्याने बीडच्या सचिन धसची फेब्रुवारी २०२४ मधील खेळी आठवावी: एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचे ४ गडी ३२ धावांत बाद, आणि तेथून ९६ धावा. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा असाच विश्वचषक जिंकून आला. तरीही २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांपैकी मराठवाड्याचा संघ एकच होता.

आमच्या मुलांचे नेमके कुठे अडते, हे मी एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. आमच्या गल्लीतील एक मुलगा, बाप हमाली करणारा, चौदाव्या वर्षी एका वयोगटाच्या निवड चाचणीला पुण्याला गेला. रात्रभर उभ्याने प्रवास, सकाळी रांग, दुपारी जाळीत दहा-बारा चेंडू, आणि संध्याकाळची परतीची गाडी. तो मला म्हणाला, ‘‘काका, चेंडू वर आलाच नाही हो.’’ या एका वाक्यात सगळे आहे. आमची मुले काळ्या जमिनीवर मॅट ठोकून खेळतात; मॅटवर सीझन बॉल उसळतो आणि सरळ बॅटीवर येतो, म्हणून ती मागच्या पायावर जाऊन फटका मारण्यास शिकतात. टर्फ विकेटवर तोच चेंडू घोट्याएवढा राहतो, आणि मुलगा पायचीत होतो. दहा चेंडूंत सवय मोडत नाही, आणि अकरावा चेंडू त्याला कोणी टाकीत नाही.

खरे तर विकेटसाठी लागणारी माती आमच्याच पायाखाली आहे. कसदार काळ्या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर, ती पाण्याने फुगते आणि वाळताना आवळून दगडासारखी होते. फक्त ती थराथराने दाबावी लागते, हरळीच्या मुळांनी बांधावी लागते, नाही तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गेल्या वैशाखात आम्ही चार निवृत्त माणसांनी वर्गणी काढून शाळेमागच्या पटांगणात बावीस यार्डांची एक पट्टी खणली, चाळलेल्या मातीचे थर घातले, उसना रोलर फिरविला. एक जाणते माळी पाहायला आले. हाताने माती चोळून म्हणाले, ‘‘हरळी पुरती बसायला दोन पावसाळे जातील, तोवर कोणाला खेळू देऊ नका.’’ पुण्याहून परत आलेला तो मुलगा आता रोज पहाटे माझ्याबरोबर तेथे येतो. मी नळ सोडतो, तो नळीचे तोंड बोटाने दाबून पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याचा बारीक फवारा नेतो, आणि मग आम्ही दोघे कडेला बसून वर्तमानपत्र येण्याची वाट पाहतो.