वजनकाट्यापर्यंतची वाट

तोरणमाळ म्हटले की आपल्याला आठवतो तो यशवंत तलाव, सीताखाईचा कडा आणि महाशिवरात्रीला सातपुड्याच्या वाटा तुडवत गोरखनाथाच्या दर्शनाला येणारी माणसे. कुस्ती काही आठवत नाही. तरीही राज्यभरातल्या महाविद्यालयांची कुस्ती स्पर्धा कशी भरवावी, याचा विचार एकदा इथे उभे राहून, साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरून करून पाहावा. पुण्या-कोल्हापुरातून पाहिले की सगळेच सोपे दिसते.

समजा, इथल्या एखाद्या पाड्यावरचा मुलगा शहाद्याच्या महाविद्यालयात शिकतो आहे. अंगात रग आहे, जत्रेतल्या दोन-चार कुस्त्या मारल्या आहेत. विभागातून आणि विद्यापीठातून निवडून तो पुढे आला, आणि राज्याची स्पर्धा पुण्यात ठरली. सुट्टीत घरी आलेला असेल तर आधी घाट उतरून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे शहादा गाठायचे. तिथून धुळे, धुळ्याहून रात्रीची एस.टी. सगळा प्रवास पाचशे किलोमीटरच्या घरात. पहाटे उतरायचे आणि थेट वजनकाट्यावर उभे राहायचे.

मेख इथेच आहे. पूर्वी वजने आदल्या दिवशी होत. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलले. आता वजन कुस्तीच्या दिवशी सकाळी, आणि एक गट दोन दिवस चालतो म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमपायी कशी बाद झाली, ते आपण सर्वांनी पाहिलेच. या नियमांनी स्पर्धा घ्यायची म्हटली की ५७ किलोत उतरणारा मुलगा आदल्या दिवशी पाण्याचा घोटही मोजून घेणार. यजमान शहरातला मुलगा हा उपास स्वतःच्या अंथरुणावर काढतो. आपला मुलगा एस.टी.च्या मागच्या बाकावर.

आयोजकांचीही बाजू आहे, नाही असे नाही. फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन आणि महिला असे तीन प्रकार, प्रत्येकात दहा वजनी गट, म्हणजे तीस. एका गटात वीसच मल्ल धरा. बाद पद्धतीने एकोणीस कुस्त्या, शिवाय कांस्यपदकांसाठी किमान दोन. तिसांनी गुणा, ६३० होतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट. काही जोडी लवकर सुटतात, काहींना वेळ लागतो. सरासरी आठ मिनिटे धरली आणि तीन गाद्या टाकल्या, तरी २८ तास हवेत. तीन दिवसांत बसवायचे तर रोज नऊ तासांच्या वर. यात उद्घाटनाची भाषणे धरलेली नाहीत, आणि ती आठ मिनिटांत आटोपल्याचे ऐकिवात नाही! अशा घट्ट वेळापत्रकात घाटात खोळंबलेल्या गाडीला जागा कुठली? नाव तीनदा पुकारतात, समोरच्याला पुढे चाल मिळते.

वेळापत्रकाने मल्लाला कसे मारले, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. चण लहान म्हणून क्रीडाशिक्षक त्यांना वार्षिक स्पर्धेत उतरवायला तयार नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी उतरवले. पुढे हेलसिंकीच्या खर्चासाठी याच प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी दीर्घ झुंज संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते कांस्यपदक असे आले.

तोरणमाळच्या मुलालाही गादीबाहेर असा भांडणारा माणूस लागतो. त्याच्या वाट्याला येतो तो आदल्या संध्याकाळी हाती पडलेला कागद. तारखा ठरवताना डोंगराचे पंचांगही कोणी पाहत नाही. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. घरचे हात कमी पडतात तेव्हा पोराला आखाड्यात कोण ठेवणार? होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, त्या दिवसांत घरी न गेलेला मुलगा विरळा.

महिनाभर आधी तारखा कळाव्यात, लांबच्या संघांची आदल्या दुपारपासून निजायची सोय व्हावी, काट्यावरून उतरल्या उतरल्या जेवण मिळावे. यात न परवडण्यासारखे काय आहे? आणि एखाद्या वर्षी ही स्पर्धा नंदुरबारलाच भरवून पाहावी. कोल्हापूरची पोरे रात्रभर उपाशी बसने येतील, पहाटे डोळे चोळत रांगेत उभी राहतील. पुढे तोरणमाळचा मुलगा असेल, झोप पुरी करून आलेला.