मालमोटारीची बसलेली कमान

लासलगावच्या कांदाबाजारात, कोलारच्या टोमॅटोच्या बाजारात किंवा सफरचंदाच्या हंगामात शिमल्याकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर एक दृश्य सर्वत्र सारखेच दिसते. जिला आज सर्वजण पिकअप म्हणतात, ती लहान मालमोटार माल भरून येते तेव्हा तिचे नाक वर आणि मागची बाजू खाली झालेली असते. नवी गाडी थोडीशीच दबते. दहा-बारा वर्षे राबलेली गाडी मात्र इतकी बसते, की प्रत्येक खड्ड्यात मागून धाडकन आवाज उठतो, आणि रात्री तिच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. मालक मग गाडी मिस्त्रीकडे नेतो व सांगतो, "एक पाटा वाढवा." पाटा वाढविला जातो, गाडी वर उचलते, आणि मालकाची समजूत होते, की आपली गाडी आता पूर्वीहून अधिक माल नेऊ शकेल. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. कारण ती चुकीची ठरली, तर तिची किंमत घाटातल्या उतारावर मोजावी लागते.

गाडीच्या हौद्याखाली वाकून पाहिल्यास प्रत्येक मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला पोलादी पट्ट्यांची एक जुडी दिसेल. हीच कमान. तिच्यातील प्रत्येक पट्टीला पाटा म्हणतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून त्यांचे गोल डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला खिळीने जोडलेला असतो. मागचा डोळा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या कडीला टांगलेला असतो. कारण भार पडून कमान सपाट होऊ लागली, की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट द्यावी लागते. सर्व पाटे मध्यभागी एका बोल्टाने ओवलेले असून इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचे दोन मोठे बोल्ट ही जुडी अ‍ॅक्सलला आवळून धरतात. कमान हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि तेथे त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. आपण तो देवळाच्या वेशीलाही लावतो. परंतु वाकून पुन्हा सरळ होण्याचा धनुष्याचा मूळ गुण टिकला तो या मोटारीच्या कमानीतच, असे म्हणावयास हरकत नाही.

एकच जाड पट्टी न घालता अनेक पातळ पट्ट्यांची जुडी का करतात? हे समजण्यासाठी शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. एक लाकडी मोजपट्टी दोन विटांवर आडवी ठेवा, तिच्या मध्यावर वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. आता तशाच दोन पट्ट्या एकीवर एक नुसत्या ठेवून तेवढेच वजन टांगा. वाक निम्मा होईल. त्यानंतर त्या दोन पट्ट्या सरसाने पक्क्या चिकटवून, सरस पूर्ण वाळल्यावर, तोच प्रयोग करा. आता वाक निम्मा नव्हे, तर जवळजवळ एक-अष्टमांश होईल! पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हा याचा अर्थ. सात मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी आठ मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी फक्त एका मिलिमीटरने वाढते, पण ताठपणा दीडपट होतो. मात्र या लाभाला दुसरी बाजू आहे. जाड पट्टी पातळ पट्टीइतकीच वाकविली, तर तिच्या पृष्ठभागावरचे पोलाद जाडीच्या प्रमाणात अधिक ताणले जाते, आणि ती लवकर मोडते. अनेक पातळ पाट्यांची जुडी पुष्कळ वाकू शकते आणि तरीही मोठा भार पेलते. घोडागाडीच्या काळापासून ही युक्ती टिकून आहे, ती याच कारणाने.

आता जुन्या कमानीचे नेमके काय बिघडते ते पाहू. लोक म्हणतात, "स्प्रिंग मऊ झाली." हे म्हणणे बरोबर नाही. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्थितिस्थापक वस्तूवर जेवढा भार वाढतो, त्या प्रमाणातच तिचा ताण वाढतो. हे प्रमाण पोलादाच्या बाबतीत वयानुसार फारसे बदलत नाही. वीस वर्षे जुन्या पोलादाचा ताठपणा जवळपास नव्याइतकाच असतो. बदलतो तो कमानीचा आकार. क्षमतेबाहेर भार पडला किंवा भरलेली गाडी जोराने खड्ड्यात आदळली, की पोलाद स्थितिस्थापकतेची मर्यादा किंचित ओलांडते आणि मूळ आकारावर परत येत नाही. असे हजारो वेळा घडले, की कमान बसते.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, गाडीच्या मागच्या दोन्ही कमानी मिळून १६ किलोग्रॅम भाराला एक मिलिमीटर दबतात. गाडी नवी असताना रिकाम्या स्थितीत अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांत ८० मिलिमीटर अंतर होते. मागच्या चाकांवर ८०० किलोग्रॅम माल पडला, की कमान ५० मिलिमीटर दबे, आणि खड्ड्यांसाठी ३० मिलिमीटर मोकळे राहत. पुढे कमान ३५ मिलिमीटर बसली. आता रिकाम्या गाडीतच ४५ मिलिमीटर अंतर उरले आहे. तोच माल भरला, की ते संपते आणि अ‍ॅक्सल ठोकळ्याला टेकतो. खड्ड्यात ऐकू येणारा 'धाड' हा आवाज त्या टेकण्याचा. येथे कमानीचा ताठपणा तसूभरही कमी झालेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता या पाच पाट्यांच्या कमानीत तसाच सहावा, पण तेवढाच बसलेला पाटा घातला, तर काय होईल? ताठपणा पाचाचा सहा झाला. माल भरल्यावर ५० ऐवजी सुमारे ४२ मिलिमीटर दबेल. एवढा खटाटोप करून लाभ झाला तो अवघ्या आठ मिलिमीटरचा! ठोकळ्यापर्यंत तीनच मिलिमीटर उरले. पाटा घातल्यावर गाडी प्रत्यक्षात अधिक उचलते, ती नव्या पाट्याला अधिक बाक दिलेला असतो म्हणून. परंतु असा पाटा आपल्या वाट्याहून जास्त ताण सोसतो, आणि शेजारचे जुने पाटे होते तसेच राहतात.

त्या जुन्या पाट्यांत आणखी एक दोष दडलेला असू शकतो. पुन्हापुन्हा दिलेला भार एका वेळच्या मोडणाऱ्या भारापेक्षा पुष्कळ कमी असला, तरी तो धातूला अखेर तोडतो. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या अ‍ॅक्सलवर दीर्घकाळ प्रयोग करून हे सिद्ध केले. यंत्रज्ञ त्याला धातूचा शीण म्हणतात. हा शीण डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती भेग, आणि ती बहुधा मधल्या बोल्टाच्या छिद्रापाशी, गंजाच्या खळगीत किंवा दोन पाटे एकमेकांवर घासतात तेथे सुरू होते. म्हणूनच चांगल्या कारखान्यात पाट्याच्या ज्या अंगावर ताण पडतो त्या अंगावर पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग आधीच दाबलेला राहतो आणि भेग उघडण्यास अडथळा होतो. रस्त्याकाठी हातोड्याने ठोकून बाक दिलेल्या पाट्यात उंची परत येते, हे खरे; पण साचलेला शीण जात नाही. गॅसच्या ज्योतीने लाल करून बाक दिला, तर पाणी चढवून आणलेला पोलादाचा गुणही त्या जागी नष्ट होतो. असे पाटे काळा रंग फासून नवे म्हणून विकले जातात, तेव्हा ग्राहकाने सावध असावे.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पान्याने न करता मोजपट्टीने करावी. गाडी सपाट जागी उभी करून, टायरांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. मग वजनकाट्यावर केवळ मागची चाके चढवून तो भार लिहून घ्यावा. थोडा थोडा माल भरीत प्रत्येक वेळी भार व उंची यांची नोंद केली, की आलेखावर एक सरळ रेषा मिळते. नव्या कमानीची रेषा आणि बसलेल्या कमानीची रेषा एकमेकींना समांतर येतात. फक्त एक खाली सरकलेली असते. रेषेचा उतारच बदललेला आढळला, तर पाटा तुटला आहे किंवा गंजाने पाटे एकमेकांत अडकले आहेत, असे समजावे. विद्यार्थ्यांना आलेखाचा इतका उघड उपयोग दाखविणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

कमान बसली असेल, तर उत्पादकाच्या मापाची संपूर्ण नवी जोडी, दोन्ही बाजूंस एकाच वेळी, बसविणे हा सरळ उपाय होय. झिजलेले बुश, शॅकल व यू-बोल्ट त्यासोबत बदलावेत. ज्यांची गाडी अर्धा वेळ रिकामी धावते, त्यांच्यासाठी साहाय्यक कमान अधिक शहाणपणाची. हे आखूड, जवळजवळ सपाट पाटे हलक्या भारात अलिप्त राहतात. भार वाढून मुख्य कमान दबली, की मगच ते टेकून वाटा उचलतात. त्यांच्या आलेखाची रेषा मध्येच कोन करून वळते. हवेच्या रबरी पिशव्याही मिळतात, पण त्या सांगाड्याच्या ज्या जागी जोर देतात ती जागा त्यासाठी घडविलेली असली पाहिजे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र भार पेलत नाहीत. कमानीचे हेलकावे शमविणे एवढेच त्यांचे काम. ते बदलून बसलेली गाडी उचलत नाही, आणि ते गळत असताना नवी कमान घातली तर गाडी नावेसारखी डुलते.

सरसकट ताठ कमान घालण्याचे दुष्परिणाम परतीच्या रिकाम्या प्रवासात कळतात. गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली हेलकावते, हे कमान भाराने किती दबली आहे यावर ठरते. वरच्याच उदाहरणात रिकाम्या हौद्याचा व सांगाड्याचा मिळून ३०० किलोग्रॅम भार कमानींवर असेल, तर त्या सुमारे १९ मिलिमीटर दबतील व सेकंदाला साडेतीनांहून थोडे अधिक हेलकावे होतील. माल भरल्यावर हेच दोनांच्या आत येतात, म्हणून भरलेली गाडी मऊ चालते. कमान दीडपट ताठ केली, तर रिकाम्या गाडीचे हेलकावे साडेचारांजवळ जातात. मनुष्याच्या देहाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपने सर्वाधिक जाचतात. चालकाची पाठ धरते, ती अशा वेळी. शिवाय मागची चाके उड्या मारू लागतात, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती अनेक मिस्त्रींनाही ठाऊक नसते. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या तेलाचा दाब एक झडप नियंत्रित करते, आणि ती एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी दबली, की झडपेला भाराची जाणीव होते व ती मागच्या चाकांना अधिक दाब देते. कमान ताठ करून गाडी उचलली, तर हौदा भरलेला असूनही झडपेला तो रिकामा भासतो. माल जास्त आणि मागचे ब्रेक कमी, असा उलटा प्रकार घडतो. कमान बदलल्यावर या झडपेची जुळणी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे तपासून घ्यावी.

आता मूळ प्रश्न. कमान बळकट केल्याने गाडीची भारक्षमता वाढते का? कमानीपुरती वाढेल, परंतु अ‍ॅक्सल, त्याचे बेअरिंग, चाक, टायर, सांगाडा व ब्रेक तेच राहतात. तीन टन वजनाची भरलेली गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली, की जवळजवळ २९ लक्ष जूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. सुमारे नऊ लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास तेवढी पुरेल. इंजिनाने अडविलेला भाग व हवेचा विरोध वगळता ती सारी ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन जमते. वजन वाढले, की ही उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. बसलेली कमान निदान धाडधाड आवाज करून भार जास्त झाल्याचे सांगत होती. ताठ कमान ती सूचनाही बंद करते, आणि सरळ दिसणाऱ्या गाडीत माल अधिक चढतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे गाडीचे भारासह कमाल वजन नोंदणीपत्रात लिहिलेले असते. पाटे वाढविल्याने तो आकडा बदलत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास त्याच अधिनियमाने बंदी घातली आहे.

माल कोठे ठेवला, यालाही कमानीइतकेच महत्त्व आहे. पुढच्या व मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत एक टन मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर ९०० किलोग्रॅम मागे व १०० पुढे पडतात. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागे ११०० किलोग्रॅम पडतात आणि पुढची चाके उलट १०० किलोग्रॅमने हलकी होतात. सुकाणू सैल लागते, ते यामुळे. जड पोती आधी पुढे, केबिनला लागून रचावीत.

काम करताना गाडी केवळ जॅकवर पेलून तिच्याखाली शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम घोड्या लावाव्यात. यू-बोल्ट अखेरचे आवळताना गाडीचे वजन कमानीवर आलेले असावे. नव्या पाट्यांचे थर बसत जातात, त्यामुळे काहीशे किलोमीटर चालल्यावर हे बोल्ट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळावे लागतात. ते सैल राहिले, तर सारा धक्का मधल्या एकट्या बोल्टावर येतो. तो तुटला, की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो व गाडी तिरकी चालू लागते. त्याच दिवशी भरलेली गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी, उंची मोजून जुन्या नोंदीशेजारी लिहावी आणि संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा झोत खाली आणावा.