सहीच्या आधी

सिस्टरांनी मुलीचा हात धरून बाईच्या पोटावर ठेवला आणि वरून आपला हात दाबला. “कळ आली. कडक लागतंय ना? सुटेपर्यंत घड्याळ बघ.”

“चाळीस सेकंद,” मुलगी म्हणाली. पुढची कळ तिने एकटीने मोजली.

धडगावातल्या एका दवाखान्याची ही रात्रपाळी, बाईची परवानगी घेऊन, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहिली. मुलगी एएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांच्या या शिक्षणात शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. प्रत्येक बाळंतपण केसबुकात लिहायचं आणि खाली शिकवणारीची सही घ्यायची. ती सही म्हणजे ‘हिला हे येतं’ याची हमी. धडगावच्या या अक्राणी तालुक्यात ती हमी फार जपून द्यावी लागते. कितीतरी पाड्यांवरून बाई झोळीतून रस्त्यापर्यंत येते, नर्मदाकाठची असेल तर होडीतून. पावसाळ्यात दरड कोसळून चांदसैली घाट बंद पडला, की नंदुरबारची वाट अडते. उद्या ही मुलगी एखाद्या उपकेंद्रात एकटी असेल.

म्हणून सिस्टर विचारत राहतात. “बाळाचे ठोके?”

“१४०.”

“कितीच्या खाली गेले तर डॉक्टरांना बोलावशील?”

“११०. नाहीतर १६०च्या वर गेले तर.”

आकडा लगेच पार्टोग्राफवर चढतो. बाळंतपण उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ सिस्टर मान्य करत नाहीत. कळा सुरू असतानाच धोका दिसावा म्हणून तो कागद असतो.

बाई घाबरून पाय आवळू लागली. सिस्टर देशावरच्या, त्यांची मराठी तिच्यापर्यंत पोचेना. पावरा घरातली मुलगी तिच्या कानाशी वाकली आणि पावरीत हळूच काही बोलली. बाईने श्वास सोडला.

“काय सांगितलंस गं?”

“तुझी आई दाराशीच बसलीय, आणि मी कुठे जात नाही.”

सिस्टरांनी ते पावरी शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

पहाटे बाळ आलं. मुलीने ते पुसून कोरडं केलं, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि ऑक्सिटोसिनची सिरिंज उचलली. जन्मानंतर मिनिटभरात १० युनिट द्यायचं, हे तिला पाठ होतं. सिस्टरांनी तिचं मनगट अलगद धरलं. “आधी काय?”

क्षणभर ती गोंधळली. मग तिने बाईचं पोट चाचपून पाहिलं. आत दुसरं बाळ नव्हतं. तेव्हा कुठे इंजेक्शन मांडीत गेलं. जुळं आत असताना हे औषध दिलं, तर आतल्या बाळाच्या जिवावर बेततं.

शिकत असताना अशाच एका चुकीसाठी मी सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खाल्ली होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी शंका विचारलीच नाही. विद्यार्थिनीने विचारणं सोडलं, की त्याची किंमत पेशंट मोजतो. इथे त्या बाईला काही कळलंही नाही, आणि मुलगी ती पायरी आता विसरणार नाही.

वार पडली, रक्तस्राव आटोक्यात होता, बाळ स्तनाला लागलं. सिस्टरांनी केसबुक पुढे ओढलं. “मनगट का धरलं, तेही लिही.” मुलीने लिहिलं. मग सही झाली.

सातच्या सुमारास दुसरी बाई आली. या वेळी सिस्टरच तिच्या उशाशी वाकल्या आणि रात्री शिकलेले शब्द बोलल्या. मुलीने एक उच्चार सुधारला. सिस्टरांनी तो पुन्हा म्हटला.