भाग 9 : चेंडू पायाशी, नजर समोर

मागच्या भागात आपण लहान मुलांना पळायला आणि थांबायला कसं शिकवायचं ते पाहिलं. आज पायाशी चेंडू देऊ. फुटबॉलच्या भाषेत याला ड्रिब्लिंग म्हणतात. चेंडू पायाने हलके हलके ढकलत, आपल्या ताब्यात ठेवून पुढे जायचं, एवढाच त्याचा अर्थ. वय धरलंय चार ते आठ.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीतून कुस्ती जेवढी चालते तेवढाच फुटबॉल चालतो. पेठांच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहतच मी मोठा झालो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पुढे माझी नोकरी सैन्यात झाली आणि तिथेही फुटबॉल सुटला नाही. ड्युरँड कप ही 1888 साली सिमल्याला सुरू झालेली स्पर्धा. आमच्या दक्षिणेतल्या मद्रास रेजिमेंटल सेंटरने ती 1955 आणि 1958 अशी दोनदा जिंकली. बायको तंजावरच्या मराठी घराण्यातली, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इथे तिरुवैयारूला राहायला आलो. तंजावरहून साधारण बारा-तेरा किलोमीटर. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे, तेच हे गाव.

इथे मुलांना शिकवायला लागलो तेव्हा पहिली चूक मीच केली. ती आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघालं आहे.

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. मी त्यांना एका रांगेत उभं केलं, समोर खुणा मांडल्या आणि शिट्टी वाजवली. एकाने खुणांमधून चेंडू नेऊन परत आणायचा, मग दुसऱ्याने. तीस वर्षं हेच केलं होतं, फक्त समोर जवान असायचे. रांग संपली की एक खेळ घेत होतो : ज्याचा चेंडू चौकोनाबाहेर गेला तो बाद, त्याने कडेला बसायचं. तिसऱ्या रविवारी चारच मुलं उरली. न आलेल्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. तिची आजी बाजारात भेटली, तिला विचारलं. आजी म्हणाली, "ती म्हणते, तिथे जाऊन बसायचंच असेल तर मी घरीच बसते."

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. दहा मुलं आणि एक रांग धरा. एका मुलाच्या फेरीला वीस सेकंद लागले तर वीस मिनिटांत साठ फेऱ्या होतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सहा. एका फेरीत पाय चेंडूला आठ वेळा लागतो असं धरलं तर झाले अठ्ठेचाळीस स्पर्श. आता प्रत्येकाला स्वतःचा चेंडू द्या आणि एक-एक मिनिटाचे दहा खेळ घ्या. दोन सेकंदांना एक स्पर्श धरला तरी तीनशे होतात. वेळ तीच, मुलं तीच. शिवाय बाद होऊन बसतं कोण? ज्याला चेंडू सांभाळता येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच मी बसवून ठेवत होतो.

तेव्हापासून दोन नियम केले. मुलागणिक एक चेंडू आणि बाद कोणीच नाही.

आता साहित्य. या वयाला तीन नंबरचा चेंडू पुरतो, परिघाने साधारण साठ सेंटिमीटर, वजनाने तीनशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो. तो लहान मुलाला दिला की ते चोच्याने, म्हणजे अंगठ्याच्या टोकाने मारतं, कारण त्याशिवाय तो हलतच नाही. सगळ्यांना चेंडू परवडत नसेल तर रबरी चालेल, थोडी हवा कमी ठेवलेला चालेल. खुणांसाठी मुलांच्या चपलाच मांडा. करवंट्या मांडू नका, अनवाणी पायाला कड लागते. इथली मुलं अनवाणीच खेळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी 2-1 असे निसटते हरले. मात्र खेळाआधी मैदानभर स्वतः फिरून काटे आणि काचा वेचा.

आता चार खेळ. चारही तुम्हाला ओळखीचे वाटतील.

पहिला, शिवाजी म्हणतो. आमची मुलं तमिळ बोलणारी, म्हणून आमच्याकडे 'राजा सोल्रारु', म्हणजे राजा म्हणतो. सगळे चौकोनात चेंडू घेऊन फिरतात. "राजा म्हणतो, तळवा!" की तळपाय चेंडूवर ठेवून थांबायचं. "राजा म्हणतो, करंगळी!" की पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू वळवायचा. "राजा म्हणतो, अंगठा!" की आतल्या बाजूने. 'राजा म्हणतो' न म्हणता हुकूम दिला आणि कोणी फसलं, तर त्याने जागेवर चेंडूला पाच वेळा तळवा लावायचा आणि पुन्हा खेळात यायचं. पायाच्या तीन बाजू यातून आपोआप शिकून होतात, व्याख्यान द्यावं लागत नाही.

दुसरा, हात किती बोटं. चेंडू घेऊन फिरताना मी हात वर करतो आणि बोटं दाखवतो. मुलांनी चेंडू न सोडता आकडा ओरडून सांगायचा. लहान मूल चेंडूकडेच बघत राहतं, त्यात त्याचा दोष नाही. पायाचा अंदाज अजून आलेला नसतो. "मान वर कर" असं शंभरदा सांगून जे होत नाही, ते बोटं मोजताना होतं. मी फक्त "मेले पारु" म्हणतो, म्हणजे वर बघ.

तिसरा, पाच नद्या. हा आमच्या गावचा. तिरुवैयारू या नावातच पाच नद्या आहेत. 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी. मैदानावर चुन्याच्या पाच आडव्या रेघा ओढा, दोन रेघांत चार-चार मीटर अंतर, रेघेची लांबी आठ-दहा पावलं. आट्यापाट्या खेळलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. प्रत्येक रेघ म्हणजे एक नदी आणि नदीत एक मगर. मगरीने रेघेवरूनच इकडेतिकडे सरकायचं, रेघ सोडायची नाही. बाकीच्यांनी चेंडू घेऊन पाचही नद्या ओलांडायच्या. मगरीने चेंडू हिरावला तर तो परत मिळतो, फक्त पहिल्या काठावरून पुन्हा निघायचं. सुरुवातीला एकाच नदीत मगर ठेवा. सरावलेत असं दिसलं की दोन, मग तीन. एका बाजूला जाण्याची हूल देऊन दुसऱ्या बाजूने निसटणं मुलं इथेच शिकतात. कोणी शिकवत नाही, मगर शिकवते.

चौथा, तक-धिमि. या गावात दर घरटी नाही तरी दर गल्लीत कोणीतरी गाणं किंवा मृदंग शिकतं. चेंडू दोन पायांच्या मध्ये ठेवायचा आणि डाव्या-उजव्या पायाच्या आतल्या बाजूंनी लंबकासारखा हलवायचा : त-क-धि-मि, चार स्पर्श. मग त-कि-ट, तीन स्पर्श, आणि तिसऱ्याला तळव्याने चेंडू ओढून दिशा बदलायची. तोंडाने बोल म्हणत करायचं. बोल तोंडात असला की स्पर्श मऊ आणि सारख्या अंतरावर पडतात, आणि ड्रिब्लिंगमध्ये तेच हवं असतं. चेंडू आपल्या एका पावलापेक्षा लांब जाता कामा नये.

आमच्याकडे एक जाड, हळू पळणारा मुलगा आहे. शर्यतीत तो नेहमी शेवटी. या खेळात त्याने मला थांबवलं आणि सांगितलं, "तात्ता, तुमचा ताल चुकतोय." तो मृदंग शिकतो. तेव्हापासून बोल तोच म्हणतो आणि बाकीचे त्याच्या मागे. महाराष्ट्रात हाच खेळ लेझमीच्या किंवा टाळाच्या ठेक्यावर घ्या.

थोडं वेळेबद्दल. एकूण चाळीस मिनिटं, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दर दहा मिनिटांनी पाणी. खेळ समजावायला वीस सेकंदांहून जास्त घेऊ नका, नाहीतर मुलं चेंडूवर बसतात. शेवटची दहा मिनिटं तीन-तीन किंवा चार-चार जणांचा सामना, गोलकीपर न ठेवता. या सामन्यात "पास दे, पास दे" असं बाहेरून ओरडू नका. या वयात मूल चेंडू सोडत नाही, ते स्वार्थी असतं म्हणून नव्हे. चेंडू नुकताच त्याचा झालेला असतो.

एक हुकूम मात्र सैन्यातल्यासारखाच. आमचं मैदान कावेरीपासून लांब नाही. पाण्यात गेलेला चेंडू आणायला कोणीही जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. चेंडू गेला तर गेला. आजवर तीन गेलेत. तुमच्या मैदानाशेजारी विहीर, कालवा किंवा रस्ता असेल तर हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि नवा चेंडू घ्यायची तयारी ठेवा.

जानेवारीत आराधनेच्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही सांबा भाताची कापणी झालेल्या शेतात खेळतो. भाताचे खुंट टोचतात, पण चेंडू तिथे वाकडातिकडा उडतो आणि पाय शहाणे होतात.

ती सहा वर्षांची मुलगी परत आली. मी स्वतः तिच्या घरी गेलो होतो. आता बसवणार नाही, असा शब्द तिला दिला. तिने आजीकडे पाहिलं, मग विचारलं, "मगर मी होऊ का?" परवा तिने माझ्याच पायातून चेंडू काढला.

येत्या रविवारी एवढंच करा. एक मूल, एक चेंडू आणि अंगणातली चार पावलांची जागा घ्या. राजा म्हणतो खेळा, आणि निम्मा वेळ राजा मुलाला होऊ द्या. पुढच्या भागात चेंडू दुसऱ्याला कसा द्यायचा ते पाहू. नमस्कार.